तयार घरे आणि सांध्यातील पाणी

घर ही वस्तू जागेवरच उभी राहावयाची, बाजारातून विकत आणावयाची नव्हे, अशी समजूत जगात हजारो वर्षे चालत आली. चूल, विहीर आणि घर पाठीवर घेऊन कोणी हिंडत नाही. ह्या समजुतीस पहिला मोठा धक्का दिला तो इंग्लंडातून वसाहतींकडे निघालेल्या लोकांनी. १८३० च्या सुमारास लंडन येथील हेन्री मॅनिंग नामक सुताराचा मुलगा ऑस्ट्रेलियास जावयास निघाला, तेव्हा बापाने त्याच्याबरोबर एक लाकडी घर सुटे करून जहाजावर चढविले. खाचा पाडलेले खांब, त्या खाचांत सरकणाऱ्या फळ्यांच्या भिंती, आणि हे सर्व जुळविण्यास एक पाना. कोणताही भाग एका माणसास उचलता यावा इतकाच जड. ही युक्ती एवढी उपयोगी ठरली की मॅनिंगने पुढे तिचा व्यापारच मांडला.

तयार भागांच्या घरांचा इतिहास येथून धरण्याचा प्रघात आहे, आणि तो बहुधा वेगाचा व स्वस्ताईचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक कारखान्याने इतकी घरे पाडली, तमुक सरकारने इतक्या महिन्यांत वसाहत उभी केली, असे त्याचे स्वरूप असते. परंतु त्या घरांत जे राहावयास गेले त्यांच्या आठवणीत निराळ्याच गोष्टी असतात: खिडकीखाली उमटलेला ओलीचा डाग, कपाटामागची काळी बुरशी, हिवाळ्यात अंथरुणास येणारा कुबट वास. ह्याचे कारण शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. दगडाची जाड भिंत अखंड असते. ती पाऊस पिते आणि ऊन पडले की सोडून देते. तयार घर म्हणजे तुकडे, आणि तुकडे म्हटले की सांधे आले. तुकडा घडतो कारखान्यात, छपराखाली, मापाबरहुकूम. सांधा मात्र घडतो उघड्यावर, वाऱ्यापावसात, मुकादमाच्या घाईखाली. यंत्रयुगाने घराचे सर्व भाग सुधारले. हा एक भाग मात्र जुन्या काळी होता तसाच मजुराच्या हातावर सोपविला. पाण्याने नेमका तोच हेरला.

लाकडामागून लोखंड आले. हेन्री पामर ह्या इंग्रज इंजिनियराने १८२९ साली पन्हळी पत्र्याचा हक्क नोंदविला, आणि १८३७ च्या सुमारास लोखंडास जस्ताचा मुलामा देण्याची रीत निघाली. ह्या दोहोंच्या मिलाफाने तयार घराचे छप्पर जगभर गेले. १८४९ साली कॅलिफोर्नियात सोन्यासाठी धाव सुरू झाली, तेव्हा लोखंडी घरे जहाजांत घालून तिकडे पाठविण्यात आली. पत्र्यावर पत्रा चढवून बसविला म्हणजे कौलाप्रमाणे वरचे पाणी खालच्यावर उतरते. तेव्हा पावसाचा प्रश्न बऱ्याच अंशी मिटला. पण दुसरा प्रश्न उपजला. २० अंश उष्ण हवेत दर घनमीटरामागे सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा शून्य अंशापर्यंत थंड झाली तर तीत ५ ग्रॅमहून अधिक वाफ राहू शकत नाही. उरलेली वाफ थंड पत्र्यावर थेंबाथेंबाने बसते. बाहेरचा पाऊस थांबला तरी आतून घरास घाम सुटतो, तो ह्यामुळे.

घरास लागणारे पाणी दोन बाजूंचे असते, ही गोष्ट फार लवकर ओळखणाऱ्यांत जोसेफ पॅक्स्टन ह्याचे नाव घ्यावे लागते. त्याने १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनासाठी उभारलेला काचेचा महाल हे राहते घर नव्हते; पण तयार भागांतून उभारलेली त्या काळची ती सर्वांत प्रचंड इमारत होती. पॅक्स्टन मूळचा माळी. काचघरातील झाडांवर आतल्या काचेवरून टिपकणारे पाणी त्याने वर्षानुवर्षे पाहिले होते. म्हणून त्याने छपरासाठी जी लाकडी पन्हळ करविली तिच्या माथ्यावर पावसाच्या पाण्यासाठी एक मोठी खाच, आणि दोन्ही अंगांस आतून ओघळणाऱ्या दवासाठी दोन बारीक खाचा ठेवल्या. अशा पन्हळी सुमारे २४ मैल लांबीच्या लागल्या, आणि त्यांचे पाणी पोकळ लोखंडी खांबांतून जमिनीखाली नेले गेले. तरीही महाल काही ठिकाणी गळत असे. पण पाणी आत येईलच असे धरून चालावे आणि त्यास जाण्याची वाट आधीच आखून ठेवावी, हा जो विचार त्या पन्हळीत होता, तो नंतरच्या शंभर वर्षांत घरे बांधणाऱ्यांनी जवळजवळ विसरून टाकला.

दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा ब्रिटनमध्ये बॉम्बवर्षावाने बेघर झालेल्यांसाठी तात्पुरत्या घरांचा कायदा झाला. १९४४ च्या ह्या कायद्यान्वये १९४९ पर्यंत १,५६,६२३ घरे उभी राहिली. त्यांपैकी सुमारे ५४,५०० घरे अॅल्युमिनियमची होती. विमानांच्या कारखान्यांत ती तयार होत आणि चार खंडांत मोटारींवर लादून जागेवर नेली जात. त्यांत कपाटे होती, नळास गरम पाणी होते, शीतकपाटसुद्धा होते. ज्या गृहिणींनी आयुष्यभर परसातल्या नळावर पाणी भरले त्यांना हे घर म्हणजे स्वर्गच वाटले, आणि त्यांचा तो आनंद खोटा नव्हता. आयुष्य १० वर्षांचे धरलेल्या ह्या घरांपैकी काहींत लोक ५०-६० वर्षे हौसेने राहिले. परंतु हिवाळ्यात ती थंड पडत, भिंतींवर दव साचे, आणि खंडांच्या सांध्यांवर डागडुजी करावी लागे. कोळसा जाळून जाळून भिंत कोरडी ठेवावी, एवढाच उपाय रहिवाशांच्या हाती होता. हा उपाय पुढील कथेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. वाया जाणारी उष्णताच त्या काळी भिंत वाळवीत होती.

अटलांटिकच्या पलीकडे ह्याची प्रचीती त्याआधीच आली होती. १९३० नंतर अमेरिकेत लाकडी भिंतींच्या पोकळीत ऊब राखणारा भुसा किंवा लोकर भरण्याची टूम निघाली. इंधन वाचले, पण थोड्याच वर्षांत बाहेरचा रंग पोपडे धरून सुटू लागला. रंगारी मंडळींनी अशा घरांस रंग देण्याबद्दल कुरकुर सुरू केली, आणि रंगवाले व लोकरवाले एकमेकांवर दोष ढकलू लागले. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथील वनोपज प्रयोगशाळेत आणि मिनेसोटा विद्यापीठात ह्याचा तपास झाला. भिंतीत ऊब अडविली म्हणजे तिचे बाहेरचे अंग पूर्वीपेक्षा थंड राहते, घरातली वाफ तेथवर पोहोचून गोठते, आणि तिला वाळविण्यास उष्णता उरत नाही, असा निष्कर्ष निघाला. एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास ५४० च्या वर उष्मांक लागतात. ते कोठून तरी यावे लागतात. भिंतीने ते राखून ठेवले तर पाणीही राखले जाते.

फाळणीनंतर दिल्लीत लोटलेल्या निर्वासितांना घरे कशी द्यावी हा प्रश्न हिंदुस्थान सरकारपुढे आला, तेव्हा हीच कारखान्याची वाट त्यास जवळची वाटली. मूळचे जर्मन वास्तुविशारद ऑटो कोनिग्जबर्गर हे पूर्वी म्हैसूर संस्थानच्या सेवेत होते. त्यांच्या योजनेने दिल्लीस सरकारी घरांचा कारखाना निघाला. फेसाळ, हलक्या काँक्रीटचे तक्ते पाडून त्यांची घरे जुळवावयाची अशी ती कल्पना. तक्ते हलके होते, उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे होते. पण हाताळताना व नेताना ते तडकू लागले, वर्तमानपत्रांत व लोकसभागृहात टीका झाली, आणि योजना गुंडाळावी लागली. १९५३ साली त्याच कारखान्याचे हिंदुस्थान हाउसिंग फॅक्टरी ह्या नावाने नवे रूप झाले. पावसाच्या परीक्षेपर्यंत ती पहिली घरे फारशी पोहोचलीच नाहीत.

युरोपात मात्र काँक्रीटच्या तक्त्यांनी शहरेच्या शहरे व्यापली. फ्रेंच इंजिनियर रेमों कामू ह्याच्या पद्धतीत खोलीची अख्खी भिंत एका तुकड्यात घडे, आणि खिडकीही कारखान्यातच बसवून येई. सोव्हिएट सरकारने १९५७ साली घरबांधणीचा जो मोठा ठराव केला त्यानंतर अशा पाच मजली चाळी देशभर उठल्या. एका खोलीत दोन दोन कुटुंबे कोंबून राहिलेल्या लोकांना स्वतःचे दार मिळाले; ह्या उपकाराचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण सांध्यांत काय होते? डांबरात भिजविलेला दोर आणि वर सिमेंटचा मसाला. तीन मीटर लांबीचा तक्ता हिवाळ्यातील उणे २० पासून उन्हाळ्यातील ३० अंशांपर्यंतच्या फेऱ्यात सुमारे दीड मिलिमीटर लांब-आखूड होतो. ओढाताण दरसाल होते, आणि वाळलेला मसाला ती सोसू शकत नाही. केसासारखी भेग पडते, वारा पावसाला त्या भेगेत ढकलतो, आणि पाणी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात उगवते. ह्या चाळींचे सांधे पुनःपुन्हा बुजविण्यासाठी गिर्यारोहकांप्रमाणे दोरास लोंबकळणारे कामगार रशियात आजही दिसतात. मजुराच्या हातावर सोपविलेला सांधा कसा असतो ह्याचा पुरावा लंडननेही दिला. तेथील रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत १६ मे १९६८ रोजी गॅसच्या स्फोटाने एका कोपऱ्यात ढासळली व चौघे मृत्युमुखी पडले. १९८६ साली ती मजल्यामजल्याने उतरविण्यात आली, तेव्हा मसाला भरावयाच्या कित्येक सांध्यांत पोकळी व वर्तमानपत्रांचे बोळे निघाले.

सांधा अधिक घट्ट बुजवावा, अधिक चिवट लांबी शोधावी, ह्या एकाच दिशेने सर्वत्र विचार चालला असता उलट दिशेचा विचार नॉर्वेतून निघाला. त्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस उभा पडत नाही, आडवा येतो. तेथील सुतार पिढ्यानपिढ्या घरास बाहेरून फळ्या मारताना त्यांच्यामागे थोडी पोकळी सोडीत आले होते. नॉर्वेच्या बांधकाम संशोधन संस्थेतील बिर्केलंड ह्यांनी १९६२ साली, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतील गार्डन ह्यांनी १९६३ साली ह्या रीतीमागचे शास्त्र मांडले. भिंत गळण्यास तीन गोष्टी लागतात: पाणी, भोक आणि पाण्याला त्या भोकातून ढकलणारे बळ. पाणी टाळता येत नाही. भोके तर कालांतराने पडणारच. उरले बळ. सरबताच्या पेल्यात नळी बुडवून नुसती ओठांत धरली तर सरबत वर चढत नाही. तोंडाने हवा ओढली तरच चढते. भिंतीबाहेर वाऱ्याचा दाब जास्त आणि आत कमी, म्हणून भेग ही नळीसारखे काम करते. बाहेरच्या पडद्यामागे मोकळी पोकळी ठेवून तीत बाहेरचीच हवा खेळू दिली, तर दोन्हीकडे दाब सारखा होतो व पाण्यास ढकलणारे कोणी उरत नाही. चार थेंब आत आलेच, तर ते पोकळीतून आपल्या वजनाने खाली उतरतात आणि तळाच्या फटीतून बाहेर पडतात. वारा अडविणारा घट्ट थर त्याच्या आत, कोरड्या जागी असावा. पॅक्स्टनच्या पन्हळीतला विचार येथे शास्त्राचा वेष घेऊन परत आला.

ज्या देशाने हे सर्व जवळून पाहिले होते त्याच देशात पुढचा घोटाळा व्हावा, ही विचित्र गोष्ट आहे. स्वीडन हा ऊबदार घरांच्या विद्येत अग्रेसर देश. हलके, छिद्रमय काँक्रीट तेथे योहान आक्सेल एरिक्सन ह्याने १९२० नंतरच्या दशकात शोधले. त्याचाच एक प्रकार सिपोरेक्स. १९७० नंतरच्या दशकात बी. जी. शिर्के ह्यांनी पुण्यास त्याचे उत्पादन सुरू केल्यापासून महाराष्ट्रातील गवंडी कोणत्याही हलक्या ठोकळ्यास सिपोरेक्सच म्हणतात. लाकडी तयार घरांतही स्वीडन मागे नव्हता. १९२७ पासून स्टॉकहोम नगरपालिकेने कामगारांना घराचे तयार भाग देण्याची योजना चालविली. रोख भरणा करण्याऐवजी त्यांनी आपल्या हाताने घर जुळवावयाचे असे. बाहेरून फळ्या, फळ्यांमागे हवा, अशी ती घरे असत. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि स्वीडनने घराच्या उष्णतेचा हिशेब काटेकोर करावयास घेतला. भिंती जाड झाल्या, खिडक्यांना तीन काचा आल्या, हवेची प्रत्येक फट शोधून बुजविण्यात आली. लहान घरांपैकी बहुतेक तोवर कारखान्यांतूनच येऊ लागली होती, आणि कारखान्यात हे काम उत्तम होई.

ह्याच सुमारास जर्मनीकडून एक नवी भिंत आली. थर्माकोलचे जाड तक्ते भिंतीस बाहेरून चिकटवावे आणि त्यांवर काही मिलिमीटर जाडीचा गिलावा ओढावा. जर्मनीत ही रीत विटांच्या व काँक्रीटच्या भिंतींवर चालत होती, आणि तेथे ती निभावलीही. कारण वीट ओली झाली तरी कुजत नाही. स्वीडनमध्ये ती लाकडी चौकटीवर चढविण्यात आली. आतून जिप्समचा तक्ता, त्यामागे वाफ अडविण्यासाठी पॉलिथिनचा पडदा, मग लोकर भरलेली लाकडी चौकट, पुन्हा जिप्सम, थर्माकोल आणि गिलावा. पोकळी कोठेच नाही. घर दिसे दगडी बंगल्यासारखे, रंग देण्याचा त्रास कमी, ऊब भरपूर, किंमत माफक. तरुण जोडप्यांनी २०-३० वर्षांचे कर्ज काढून ती घेतली.

गिलाव्यातून पाणी शिरत नव्हते. ते शिरले खिडकीच्या कोपऱ्यातून, गच्चीच्या जोडातून, दिव्यासाठी वा छत्रीसाठी मारलेल्या खिळ्याच्या भोकातून. एकेका वेळी शिरणारे पाणी चमचाभर असेल. फळ्यांच्या जुन्या घरात ते चार दिवसांत वाळले असते. येथे बाहेर थर्माकोल, आत पॉलिथिन, आणि मध्ये उष्णतेचा लवलेश नाही. जिप्समच्या कागदावर बुरशी धरे आणि मागोमाग खांबाचे लाकूड मऊ पडे. बाहेरून पाहणाऱ्यास काही दिसत नसे. गिलाव्यास भोक पाडून सुया लाकडात रोवाव्या आणि विजेच्या प्रवाहावरून ओल मोजावी, तेव्हाच भिंतीचा रोग कळे. अगदी ह्याच जातीची भिंत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे १९९५ च्या सुमारास कुजलेली सापडली होती. कॅनडात व्हँकूव्हरच्या गळक्या इमारतींनी हजारो कुटुंबे कर्जात बुडाल्यावर १९९८ साली माजी मुख्यमंत्री डेव्ह बॅरेट ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला होता. तेथे आखूड वळचणी आणि बाहेरून बंद केलेल्या भिंती हीच कारणे पुढे आली. इतके असूनही स्वीडनमध्ये बोभाटा झाला तो २००७ च्या सुमारास, हजारो घरे उठून गेल्यावर.

येथे कारखानदारांना सरसकट लबाड ठरविणे न्यायाचे होणार नाही. भिंत नियमांत बसत होती, सर्वच बांधीत होते, आणि ऊब राखण्याच्या कामी ती अव्वल होती. पण ज्याने कर्ज काढले त्याने काय करावे? दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या मोठ्या भागाइतका, आणि विकावयास जावे तर गिऱ्हाईक नाही. माल्मोजवळील स्वेडाला गावच्या ३० हून अधिक घरमालकांनी आपल्या घरांच्या कारखान्यावर दावा लावला. कारखान्याचे म्हणणे असे की, बांधतेवेळी जे शास्त्र व जी रूढी होती तीप्रमाणेच घर बांधले. कित्येक भिंती तर अद्याप ओल्याही झालेल्या नाहीत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१५ साली त्या न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. नवे घर घेणाऱ्यास ते ओलीपासून सुरक्षित असेल अशी अपेक्षा धरण्याचा हक्क आहे. भिंतीची रचनाच अशी असेल की तीत ओल साचण्याचा धोका वाढतो, तर तो धोका हाच दोष होय, मग त्या काळी सर्वांची रीत तीच का असेना. कायद्याच्या दृष्टीने ह्या निकालाची चर्चा पुष्कळ झाली. सामान्य घरमालकास त्यातले एकच कळले, की भिंत कुजेपर्यंत वाट पाहण्याची सक्ती त्याच्यावर राहिली नाही.

दरम्यान नियमही बदलले. एखाद्या पदार्थास किती ओल सोसते हे नीट सिद्ध झालेले नसेल, तर त्याच्याभोवतीच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, अशी मर्यादा स्वीडिश बांधकाम नियमांत आली. कारखान्यातून आलेल्या भिंती जागेवर उघड्या पडून भिजू नयेत म्हणून कित्येक ठिकाणी आधी मोठा तंबू ठोकतात आणि त्याखाली घर जुळवितात. खिडकीच्या तळाशी पाणी बाहेर वळविणारी पन्हळ बसवितात. तिच्यावरचा सांधा चुकला तरी खालचे लाकूड भिजत नाही.

आणि ज्या घरांच्या भिंती उघडण्यात आल्या त्यांचे काम साधारणतः असे चालते. गिलावा व थर्माकोल खरवडून काढतात. कुजलेले खांब कापून त्या जागी नवे बसवितात. लोकर बदलतात, बाहेरून वारा अडविणारा पण वाफ जाऊ देणारा थर ताणतात, त्यावर उभ्या पट्ट्या ठोकतात आणि पट्ट्यांवर नवे आवरण चढवितात. पट्ट्यांच्या जाडीएवढी, म्हणजे दोनएक बोटांची पोकळी त्यामागे राहते. तळाशी ती उघडीच ठेवून, उंदीर शिरू नयेत म्हणून तिला बारीक जाळी मारतात.